तुम्ही लिहिलेली फारकत

आबा, तुम्ही लिहिलेली माझी फारकत कोर्टात टिकली नाही. तुम्ही असता तर आधी चष्मा कपाळावर सरकवला असता आणि विचारलं असतं, "कोणत्या येड्यानं सांगितलं तुला?" येड्यानं नाही, हिंगोलीच्या जज साहेबांनी सांगितलं, भर कोर्टात, चार लोकांसमोर. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आईही गेली. भाऊ म्हणतो, झालं गेलं, आता कशाला उकरून काढतेस. त्याचं काय जातं म्हणायला. म्हणून तुम्हालाच लिहून राहिले. जन्मभर तुम्ही लोकांचे अर्ज, करारनामे, फारकती लिहिल्या. तुम्हाला कुणी काही लिहिल्याचं मला आठवत नाही.

शाळा सुटली की मी घरी न जाता तुमच्याकडं यायची. तहसीलच्या फाटकाबाहेर लिंबाखाली तुमचं टेबल, त्याचा एक पाय हलायचा म्हणून खाली दगडाची चीप. डोंगरकड्याचे, पुसेगावचे, कुठले कुठले लोक यायचे. वकिलाच्या दारात पाय अडखळणारा माणूस तुमच्यासमोर बसला की सैल व्हायचा, पान काढायचा. फारकतीचे लोक मला लांबून ओळखू यायचे. दोन्हीकडची चार-चार माणसं, मधी एक बाई पदर पुढं ओढून, आणि नवरा बाजूला तंबाखू मळत असा उभा, जसं काही दुसऱ्याच कुणाचं काम आहे. पंचांनी गावातच बोलणं मिटवलेलं असतं. तरी तुम्ही लगेच लिहायला घेत नाही. कडब्याची काडी आणायला लावता, दोघांना दोन टोकं धरायला सांगता आणि मोडायला लावता. कट् असा आवाज होतो. मग तुम्ही बाँड पेपर सरळ करता आणि लिहिता, आजपासून उभयतांचा नवरा-बायकोचा संबंध संपला, दोघंही दुसरं लग्न करण्यास मोकळे. लिहून झालं की दोनदा मोठ्यानं वाचता. "समजल्याबिगर अंगठा लावायचा न्हाई, माय," असं त्या बाईला बजावता. मला तेव्हा वाटायचं, अख्ख्या जिल्ह्यात माझ्या बापाएवढा कायदा कुणाला येत नाही. आत्याची फारकत अशीच झाली. तिला नरसीला दुसरं घर मिळालं, लेकरं झाली, सुना आल्या, कुणी एका शब्दानं विचारलं नाही. आपल्या समाजात हे आजोबांच्याही आधीपासून चालत आलं.

माझ्यावर वेळ आली तेव्हा बैठक आपल्याच ओसरीवर बसली. बाळंतपणाला माहेरी आले ती इथंच राहिले होते. पोरगी झाली म्हटल्यावर तिकडून कुणी न्यायला आलं नाही, आणि वर्षभरानं निरोप आला तो मोकळं करण्याचा. मी स्वयंपाकघरात पंचांसाठी पोहे करून राहिले होते, लेकरू झोळीत झोपलेलं, आई माझ्याकडं न बघता कांदा चिरून राहिली होती. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. माझ्या अंगावरचे दागिने परत द्यायचं ठरलं. मी पोहे परतत राहिले. मग सासरा म्हणाला, पोटगीचं काय ते लिहून घ्या. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. पोह्याचा हात तसाच घेऊन मी उंबऱ्यात आले आणि म्हणाले, "आबा, माझं राहू द्या, पण लेकराचं काहीतरी लिहा. आता त्यांना शाळेवर शिपायाची नोकरी लागली हाय."

तुम्ही कसं बघितलं माझ्याकडं, आबा. तसं तुम्ही दारावरच्या भिकाऱ्याकडंही कधी बघितलं नव्हतं. "आता भीक मागायची का? आपल्या घरची लेक कुणापुढं हात पसरत न्हाई, अन् कोर्टाची पायरीबी चढत न्हाई. जा, पोहे बघ." आणि मग पंचांकडं वळून म्हणालात, "लिहून देतो. मायलेकींची पोटगी आज ना उद्या कधीच मागणार न्हाई." सासरा म्हणाला, "माणूस असावा तर असा." तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला दारातून दिसलं. माझं घर मोडून राहिलं होतं आणि तुमची मान ताठ झाली होती. लोकांच्या लेकींसाठी तुम्ही पंचांशी भांडून दोन पोती ज्वारी लिहून घेतलेली मी बघितली आहे. स्वतःच्या नातीच्या वेळी मात्र अब्रू आडवी आली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असावा. मला बाहेर बोलावलं, काडीचं एक टोक हातात दिलं, दुसरं नवऱ्यानं धरलं. मग म्हणालात, "इथं सही कर." वाचून दाखवलं नाही, आबा. एकदाही नाही. ज्या माणसानं परक्या बायांना दोन-दोनदा वाचून दाखवलं, त्यानं मला नुसतं पेन दिलं.

आठवड्यानं तुम्ही माझ्यासाठी शिलाई मशीन आणली. रिक्षातून उतरवताना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालात, "आता तू कुणाची मिंधी न्हाईस." मला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. पण कुणाकुणाची मिंधी व्हायचं होतं, ते नंतर कळलं. भावजय आली, मग तिच्या स्वयंपाकघरात मी मिंधी. अंगणवाडीत लागले, मग मानधन कधी येतं त्या तारखेची मिंधी. पोरगी हुशार निघाली, नर्सिंगला नंबर लागला, दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली तेव्हा मशीन विकली. तरी पुरलं नाही. भावाकडं गेले तर तो म्हणाला, आबांनी तिच्या बापाला पोटगीतून काहून सोडलं मग? आपलेच दात, आपलेच ओठ. पोरीनं कोर्स सोडला, आता ती कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालते. तिच्याबरोबरच्या पोरी सरकारी दवाखान्यात आहेत. ती मला काही बोलत नाही. बोलली असती तर तकलीफ कमी झाली असती.

मागच्या वर्षी पोरीचा बाप वारला. अर्धांगवायूनं बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता म्हणे. मला कुणी कळवलं नाही, आणि कळवायचं कारणही नव्हतं. मग एक दिवस दुपारी मी अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढत असताना त्याची दुसरी बायको दारात येऊन उभी राहिली. वयानं माझ्याहून बरीच लहान, पण हाताची पार लाकडं झालेली. पिशवीतून तुमचा कागद काढला. तुमचं ते वळणदार अक्षर मी लांबूनच ओळखलं. म्हणाली, "ताई, पेन्शनच्या हापिसात म्हणतात, ही फारकत चालत न्हाई. पयली बायको कोण ते कोर्टातून आणा म्हणतात. तुमी एवढं लिहून द्या की फारकत झाली व्हती."

मी म्हणाले, "मी काहून देऊ?"

तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "माझं लगीन ठरायच्या वक्ताला माझ्या बापानं तुमच्या आबाला जाऊन इचारलं व्हतं. हा कागद बराबर हाय का म्हणून. ते म्हणले, बराबर हाय, माझ्या सोताच्या लेकीचा हाय, बिनघोर देऊन टाक पोरगी."

हे मला ठाऊक नव्हतं, आबा. तुम्ही घरी कधी बोलला नाहीत. माझ्या मोडलेल्या घरात दुसऱ्याची पोरगी बसवायला तुम्ही हमी दिलीत, आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या हातची भाकर खाल्लीत. मी तिला म्हणाले, "मग त्यांनाच जाऊन इचार." ती म्हणाली, "ते तर गेले ना, ताई." रागानं नाही म्हणाली. मी तिला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

त्याच आठवड्यात मी हिंगोलीला वकिलाकडं गेले. वकीलही पोरगीच, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं कागद वाचला, म्हणाली, "अक्षर किती छान आहे." मग म्हणाली, "मावशी, घटस्फोट कोर्टच देतं. समाजाची जुनी रूढी असेल आणि ती कोर्टात सिद्ध झाली, तरच असा कागद चालतो. ते सिद्ध करायचं काम तिचं. नाही झालं, तर कायद्यानं आजही तुम्हीच त्यांची बायको. पेन्शन तुमची. तिच्या लेकरांना ठरावीक वयापर्यंतचा वाटा मिळेल, तिला स्वतःला काही नाही."

मी विचारलं, "आणि माझ्या पोरीची पोटगी?"

"ती तुमच्या वडिलांना सोडताच येत नव्हती, मावशी. ती पोरीची होती. साधा अर्ज केला असता तरी तिच्या लग्नापर्यंत मिळाली असती."

साधा अर्ज. तुम्ही दिवसाला दहा लिहायचात. मी बसस्टँडवर येऊन बसले आणि गावाकडची एक गाडी तशीच जाऊ दिली. रडू आलं नाही. नुसता राग. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं तुम्ही येईल त्याला सांगायचात. मी ती चढायचं ठरवलं, आणि वकील पोरीला तसं फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "साक्षीत जे खरं आहे तेच सांगा." मी बरं म्हणाले.

साक्षीच्या दिवशी ती बाई तिच्या थोरल्या पोराला घेऊन समोरच्या बाकावर बसली होती. पोराचं नाक बापासारखंच. तिच्या वकिलानं तुमचा कागद दाखवला, सही माझीच का विचारलं. मी हो म्हणाले. मग त्यानं विचारलं, "तुमच्या समाजात पंचांसमोर काडी मोडून फारकत घ्यायची जुनी पद्धत आहे, बरोबर?" जज साहेब माझ्याकडं बघून राहिले. मला आत्या आठवली, लिंबाखालच्या त्या सगळ्या बाया आठवल्या. हो म्हटलं असतं तर तुमचा कागद टिकला असता, तिचा संसार खरा ठरला असता, आणि ज्या माणसाचं हगणं-मुतणं तिनं वर्षानुवर्षं काढलं त्याची पेन्शन तिला मिळाली असती. सगळं खरंच होतं ते. मी म्हणाले, "न्हाई साहेब. आमच्यात असली पद्धत न्हाई. माझे वडील बाँड लिहून पोट भरायचे. चार पैशासाठी लोकांना खोटे कागद करून द्यायचे."

कारकुनानं ते टाइप केलं. मला वाचून दाखवलं आणि मग सही घेतली. ती बाई पोराचा हात धरून बाहेर गेली. आता ती लोकाच्या हळदीच्या रानात मजुरीला जाते, आणि ती दिसली की मी रस्ता बदलते. पेन्शन सुरू झाली आहे. पोरीला म्हणाले, पुन्हा शिकायचं बघ. ती म्हणाली, आता काय शिकू, आई, वय का राहिलं. गावात लोक म्हणतात, पेन्शनसाठी हिनं मेलेल्या बापाला खोटं पाडलं. भाऊ दिवाळीला आला नाही.

हे घरात कुणाला दाखवता येणार नाही. सकाळी चूल पेटवताना जाळून टाकीन. त्याआधी एक सांगते. पेन्शनसाठी "न्हाई" एवढं एकच पुरत होतं, आबा. वकील पोरगी नंतर तेच म्हणाली, पुढचं बोलायची काही गरज नव्हती मावशी. तुम्ही पैशासाठी खोटे कागद केले नाहीत हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरी मी ते बोलले, आणि बोलताना मला फार बरं वाटलं.