गोठा, ओटी, देव्हारा

९ ऑक्टोबर १९६३
मानसशास्त्राच्या (मा.शा.) तासाला आजपासून व्यक्तिमत्त्व. वर्षभर याचीच वाट पाहत होते. सर म्हणाले, माणसं दोन हजार वर्षं माणसांची वर्गवारी करतायत आणि अजून एकमत नाही. सर्वांत जुनी वर्गवारी अंगातल्या चार रसांची. कोणी उल्हासी, कोणी तापट, कोणी उदास, कोणी थंड. इंदू खोलीत माझ्याबरोबर राहते म्हणून वर्गातही माझ्याच बाकावर बसते. ती कानात म्हणाली, "तू तापट." मी तिला चिमटा काढला. म्हणजे तिचंच खरं ठरलं.

वसतिगृहाच्या बाईंची चिठ्ठी आली. इंटरनंतर बी.ए.ला राहणाऱ्या मुलींनी पालकांच्या सहीचा कागद ३१ जानेवारीपर्यंत आणून द्यायचा. नाही आणला तर खोली दुसरीला. मला मा.शा. घेऊन बी.ए. करायचंय. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही, फक्त या वहीला. आबा जूनमध्ये एवढंच म्हणाले होते, "इंटर हुंदे, मंग बगू."

१७ ऑक्टो.
आज शरीरयष्टी आणि स्वभाव. गोल माणसं सुखलोलुप आणि मायाळू, पिळदार माणसं धाडसी, काटकुळी माणसं एकलकोंडी. जेवणघरात आम्ही लगेच प्रयोग केला. वाढणाऱ्या काशीबाई चांगल्या गोल आहेत. मायाळूपणाची खात्री करायला इंदूने दुसऱ्यांदा आमटी मागितली. काशीबाई म्हणाल्या, "आधी ताटातली संपव." सिद्धांत पानातच पडला. हसून हसून ठसका लागला.

२५ ऑक्टो.
अंतर्मुख आणि बहिर्मुख. हे शब्द मला इतके आवडले की दिवसभर चघळतेय. अं.मु. माणसाचा ओढा आत, ब.मु.चा बाहेर. तास संपायच्या आत मी सगळं घर वाटून टाकलं. आई ब.मु., धाकटी शकू ब.मु., तात्या (आबांचे धाकटे भाऊ, आमच्याच घरात) इतके ब.मु. की बैलाशीसुद्धा गप्पा मारतात. आबा अं.मु. अगदी शंभर टक्के. आबांच्या तोंडून दिवसाला दहा वाक्यं निघाली तर आई विचारते, बरं वाटत नाही का?

प्रात्यक्षिक दिलंय. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली, उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. दिवाळीच्या सुटीत घरच्या एका माणसाला द्यायची आणि वहीत निष्कर्ष लिहायचा. मी आबांना देणार. कारण उघड आहे. आत काय चाललंय ते एकदा कळू दे.

२ नोव्हेंबर
व्हिएन्नाच्या दाढीवाल्या डॉक्टरांचा सिद्धांत. मनाचे तीन भाग. एक नुसतं 'हवं हवं' म्हणणारा, एक 'करू नको' म्हणणारा, आणि दोघांच्या मध्ये सापडलेला बिचारा 'मी'. सरांनी इंग्रजीतून भराभर सांगितलं. नंतर जो तो दुसऱ्याला विचारत होता, कळलं का? मला अर्धं कळलं. उरलेलं अर्धं कळल्यासारखी मान हलवली.

९ नोव्हें.
घरी! एस्टी पौडपर्यंत, पुढे आमच्या माले गावापर्यंत आबांची बैलगाडी. रस्ताभर आबा तीन वाक्यं बोलले. "आलीस." "वाळलीस." आणि धरणाचं पाणी दिसलं तेव्हा, "औंदा भरलंय." मी मात्र तोंड मिटलं नाही. कफ-पित्तापासून दाढीवाल्यांपर्यंत सगळं ऐकवलं. ते बैलांकडे बघत होते. मग मीच दमले.

१३ नोव्हें.
करंज्या करताना आईला आणि शकूला मनाचे तीन भाग समजावले. सारणाचं भांडं म्हणजे 'हवं हवं', आई म्हणजे 'करू नको', शकू म्हणजे 'मी'. शकूने मध्येच सारण खाल्लं आणि सिद्धांत कोसळला. आई म्हणाली, "एवडं शिकाया पुण्याला जावं लागतं व्हय?" आबा ओटीवर डोळ्यांवर टॉवेल टाकून पडले होते. झोपले असावेत.

१८ नोव्हें.
काय दिवस! लिहिल्याशिवाय झोप यायची नाही, आणि अजून दिवसही मावळला नाही.

आमच्या खळ्यावर भाताची झोडणी. सावड असल्यामुळे सात घरची माणसं, आज आमच्याकडे, परवा आमची त्यांच्याकडे. दुपारी भाकरी खाऊन सगळे पेंढ्यावर टेकले. मी प्रश्नावली काढली. रात्री बसून सगळे प्रश्न मराठीत उतरवले होते. आबांसमोर बसून वाचला पहिला: "अनोळखी माणसाशी तुम्ही आपण होऊन बोलता का?"

आबांनी तोंड उघडायच्या आत तात्या: "दादा? वळखीच्याशी बोलंना त्यो. न्हाई लिव."

लिहिलं 'नाही'.

"तुम्ही निर्णय लवकर घेता का?"

आई: "बैल घ्यायला तीन बाजार फिरले. न्हाई लिव."

शेजारच्या गंगूमावशी उसळल्या: "आन् माजा ल्योक आजारी पडला तवा? इचारलं बी न्हाई कुनाला, गाडी जुपली आन् पौडाला नेला. व्हय लिव!"

झालं. खळं पेटलं. सात घरची माणसं आणि चाळीस प्रश्न. "रागावता का?" याला चार हो, पाच नाही. "मनातलं दुसऱ्याला सांगता का?" याला सगळ्यांचं एकमुखी नाही. "लोकांनी तुमच्याबद्दल बोललेलं आवडतं का?" याला कोणी उत्तरच दिलं नाही, कारण सगळे त्यांच्याबद्दल बोलण्यात गुंग होते. मी खाली मान घालून जिकडे हात जास्त तिकडे खूण करत गेले. शेवटी बेरीज: चाळीसपैकी चौतीस अं.मु. तात्यांनी टाळ्या वाजवल्या. जणू आबा निवडून आले.

आबा उठले, पुढची पेंढी घेतली आणि झोडायला लागले. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. हसू असावं.

२० नोव्हें.
जेवताना धीर करून बी.ए.चं काढलं. तात्या म्हणाले, "दोन वर्सं झाली की बास. मास्तरीण हो. हितल्याच साळंत ये, घरची घरात." आईने मला आणखी भात वाढला. सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "बगू." ताक प्यायले, उठले.

तात्यांचा राग येत नाही. त्यांना मी जवळ हवी आहे, ते तोंडाने सांगतात. आबांना काय हवंय?

२४ नोव्हें.
परतीचा दिवस. आबा झोडणीत, म्हणून तात्या गाडी घेऊन पौडला सोडायला आले. निघताना खालच्या शेतापाशी थांबलो. कापणी झालेल्या वावरात धोंडीबा धनगराची मेंढरं खतासाठी बसवलीत, चार दिवसांपासून. धोंडीबा काठी टेकून उभा. मला म्हणाला, "काय सुलाताय, तुमच्या विद्येत आमच्या मेंढरांचं बी मन येतं का?"

मी म्हटलं, विद्येचं तुम्हाला कोणी सांगितलं?

"तुज्या बानं. रोज सांजच्याला येतुया हितं मेंढवाड्यावर. आल्यापास्नं तुजंच चाललंय."

आबा? बोलतात?

"बोलतुया म्हंजी! उठायचं नाव न्हाई. म्हनं, मानसाचं मन म्हंजी आपलं घरच. भाईरल्या अंगाला गोठा. तितलं जनावर दावं तोडाया बगतंय, त्येला भूक लागली की लागली, येळकाळ न्हाई. पार आत देव्हारा. तितनं आवाज येतुया, ह्ये करू नगं, त्ये पाप हाय. आन् मदी ओटीवर घरधनी. त्यानं जनावराला वैरण बी घालायची, देवाचं बी ऐकायचं, आन् पावना आला तर हसून 'या, बसा' म्हनायचं. घरधनी दमला की घर बिघडलं. आसं तुज्या पुस्तकात हाय म्हनं. खरं का?"

मी गाडीच्या दांडीला धरून उभी राहिले. असं पुस्तकात नाही. पुस्तकात आहे ते मला कळलं नव्हतं, ते आत्ता कळलं. म्हणजे करंज्यांच्या दिवशी टॉवेलाखाली ते जागे होते. गाडीतसुद्धा ऐकत होते, शब्दन् शब्द.

तात्या तर चाटच पडले. पौड येईपर्यंत बैलांशीसुद्धा बोलले नाहीत.

३ डिसेंबर
प्रात्यक्षिकाची वही पूर्ण. व्हिएन्नावाल्यांच्या प्रकरणात डॉक्टरांऐवजी आबांचं घर काढलं, आकृतीसह: गोठा, ओटी, देव्हारा. इंदूने गोठ्यातल्या म्हशीला सरांसारखा चष्मा काढला. खोडायला पाऊण तास गेला.

११ डिसें.
सरांनी वह्या तपासल्या. माझी उघडली आणि मोठ्याने वाचली. गोठा-ओटी ऐकून वर्गात आधी हशा. मग मागच्या बाकावरची एक इंग्रजी शाळेतून आलेली शहाणी म्हणाली, "आता कळलं!" सर म्हणाले, "हे कोणाचं?" मी म्हटलं, आमच्या आबांचं. चौथी शिकलेत.

मग सरांनी प्रश्नावली पाहिली. "या उत्तरांवर इतक्या खाडाखोडी कशा? ही दिली कोणी?"

"सगळ्यांनी, सर. खळ्यावर."

"आणि वडिलांनी?"

मी आठवू लागले. पहिल्या प्रश्नापासून चाळिसाव्यापर्यंत. "त्यांना... विचारायचं राहिलं, सर."

वर्ग कोसळला. सरसुद्धा चष्मा काढून डोळे पुसत होते. मग म्हणाले, "तुमच्या गावाने एक मोठा प्रश्न उभा केलाय, माणूस म्हणजे तो स्वतःला समजतो तो की लोक समजतात तो. पण मार्क हवे असतील तर त्यांच्या हातची उत्तरं आणा."

शरम वाटली खरी. दोन महिने व्यक्तिमत्त्व शिकतेय आणि ज्या माणसाचं मन जाणून घ्यायचं होतं त्याच्याचकडे पाहिलं नाही. चौतीस गुण देऊन मोकळी झाले.

१४ डिसें.
कोरी प्रश्नावली पाकिटात घालून आबांना पाठवली. बरोबर सहीचा कागदही. चिठ्ठीत लिहिलं: "आबा, मला बी.ए. करायचं आहे. मानसशास्त्रात. तुम्ही नाही म्हणालात तर मी परत येईन, पण रडेन, हे आत्ताच सांगते. प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हीच लिहावीत. तात्यांना दाखवू नयेत." टाकताना पेटीच्या तोंडाशी हात अडकला होता. आत गेल्याचा आवाज ऐकला तेव्हा सुटला.

२ जानेवारी १९६४
उत्तर नाही. आज परिस्थितीवाद्यांचा सिद्धांत: माणूस जन्मतः कोरा, सवयी त्याला घडवतात. मला रोज दुपारी पोस्टमनची सायकल वाजली की जिन्यात धावायची सवय लागलीय. माझ्यापुरता सिद्धांत सिद्ध झाला.

१२ जाने., रविवार
तात्यांचं कार्ड! "चि. सुलास अनेक आशीर्वाद. दादा रोज कागद घेऊन बसतो. पेन्सिल कानावर. मी डोकावलो तर कागद छातीशी धरतो. वहिनीस विचारले तर म्हणे, एका दिवसास एकच प्रश्न सोडवितात. झोडणी संपली. मास्तरणीचे मी म्हणालो ते मनात धरू नये. पण जागा आहे."

एका दिवसाला एक! चाळीस दिवस होतात. ३१ तारखेला अठ्ठेचाळीस. जमेल. इंदू म्हणते मी बोटांवर मोजताना प्रार्थना करतेय असं वाटतं.

२८ जाने., मंगळवार
आलं. जाड पाकीट.

प्रश्नावली पूर्ण भरलेली. पेन्सिलीने, ठळक, पाटीवर काढावीत तशी अक्षरं. 'हो-नाही'वर त्यांचं भागलेलं नाही. "अनोळखी माणसाशी बोलता का?" हो. तो मधे बोलला नाही तर. "मनातलं दुसऱ्याला सांगता का?" हो. ज्याला ऐकायला वेळ आहे त्याला. "निर्णय लवकर घेता का?" बैलाचा नाही. बाकीचे घेतो. "लोकांनी तुमच्याबद्दल बोललेलं आवडतं का?" खळ्यावर आवडलं.

मी जिन्यातच बसले. हसत होते आणि समोरचं दिसत नव्हतं.

चाळिसाव्याखाली त्यांनी स्वतः रेघ मारलीय आणि पुढे दोन प्रश्न घातलेत.

४१. मुलगी शिकायला लांब गेली म्हणजे घरात करमते का? नाही.

४२. म्हणून तिला माघारी बोलवावे का?

इथे काहीतरी लिहिलेलं खोडलंय. पुन्हा लिहून पुन्हा खोडलंय. कागद तिथे झिरझिरीत झालाय, उजेडाला धरला तर पलीकडचं बोट दिसतं.

सहीचा कागद पाकिटात नाही. मागे एकच ओळ: "गुरुवारी पहिल्या एस्टीने येतो. कागद माझ्यापाशी आहे."

३० जाने., गुरुवार
सकाळी तीनदा वेणी घातली. पहिल्या तासाला गेलेच नाही. इंदूने हजेरीला माझ्या नावाचा 'हजर' ठोकला असणार.

दहा वाजून वीस मिनिटं. खिडकीत बसून लिहितेय. आबा आलेत. धुवट धोतर, खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी. सदऱ्याच्या खिशात घडी केलेला कागद, त्यावर डावा हात ठेवलेला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना अडवलं असावं, पण आता तोच आपलं स्टूल त्यांना देऊन स्वतः उभा आहे. आबा बोलतायत. माझे आबा, पुण्यात, अनोळखी माणसाशी, आपण होऊन. उजव्या हाताने हवेत आधी बाहेरच्या अंगाला दाखवलं, मग पार आत. आता हात मध्ये आणून हवेतल्या ओटीवर ठेवलाय आणि पहारेकरी मान डोलावतोय.

निरोप आल्याशिवाय खाली जायचं नाही, तो यायचाय अजून. डावा हात खिशावरून हललेला नाही. काय ते दोन मिनिटांत कळेलच. तोवर खिडकी आणखी थोडी उघडते, ऐकू येतंय.