डावीकडची फट

९ मे २०२३

चांगले चार दात काढले पोरीचे! किडलेले नव्हेत, हलणारे नव्हेत — काजूगरासारखे धडधाकट! दीपाली डॉक्टर म्हणतात, "आजी, जागा केल्याशिवाय पुढचे दात मागे कुठे सरकणार?"

माझी नात दिशा, चौदाची. पुढचे दात इतके बाहेर की ओठ मिटत नाहीत. हसू आलं की आधी हात तोंडावर. तो हात एकदा खाली यावा, एवढंच माझं मागणं.

आजचा शेवटचा दात, खालचा डावा, तिने कापसात गुंडाळून घरी आणला. घरावर आता स्लॅब. मी सवयीने गोठ्याच्या कौलांवर भिरकावला आणि तोंडातून निघून गेलं — "उंदरा, जुना घे, नवा दे!"

"गो आजी, मी काय दुधाच्या दातांची आहे?" हसली. हात तोंडावर.

१४ फेब्रुवारी २०२४

तारांनी दात ओळीत आले, आता काढलेल्या दातांच्या फटी मिटवायच्या. खाली डावीकडे रबराची साखळी, उजवीकडे बारीक स्प्रिंग. "कशाने लवकर मिटते ते बघायचंय," डॉक्टर म्हणाल्या. हर्षदला मुंबईला फोन करून विचारलं म्हणे. बाप हो म्हणाला! पोरीच्या तोंडात शर्यत?

मोबाईलवर वाचत बसले. रबर सैल पडतं, स्प्रिंगची ओढ टिकते. हे मला नव्याने कशाला सांगायला हवं? परकराच्या इलॅस्टिकचं काय होतं ते जन्मभर बघतेय.

२ मार्च

बांगड्याचं सार केलं. साखळी हळदीने पिवळीजर्द! दिशा माझ्याशी बोलत नाही.

३० जुलै

उजवी फट मिटत आली. डावी आहे तशी — आ वासून! मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, "ते रबर काढा आधी."

"आजी, दोन्हींत फरक असला तरी एवढा नसतो हो." पण लावली बाई स्प्रिंग.

१२ नोव्हेंबर

स्प्रिंगनेही डावी फट ढिम्म! परतताना हातखंब्याला एसटीतून उतरलो. दिशा म्हणाली, "माझं तोंडच वाईट आहे." उद्या एक्स-रे.

१३ नोव्हेंबर

त्या फटीखाली, हाडात, अख्खा नवा दात! वर येतोय! पहिल्या एक्स-रेत मागमूस नव्हता. "क्वचित होतं असं. हाही काढावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या. डोळ्यांपुढे गोठ्याची कौलं!

दिशाने माझ्याकडे पाहिलं. "आजी, दिला गो उंदराने नवा! आता हा घरी न्यायचा नाही हां!"

आणि हसली — खदाखदा, सगळ्या तारा दाखवत. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर.