एकोणनव्वदावं मिनिट

धाकट्या,

जुन्या फुटबॉल संघटनेतून फुटून निघालेली आपली लीग अकरा आठवड्यांत बंद पडली. अकराही आठवडे तू राखीव बाकावरच बसलास. सामन्यांची नोंदवही लिहायचं काम माझ्याकडे होतं. शेवटच्या सामन्यात तुझं उतरलेलं तोंड बघवेना, म्हणून मी लिहून टाकलं, 'एकोणनव्वदाव्या मिनिटाला बदली खेळाडू', आणि पुढे तुझा नंबर. म्हटलं, एक तरी सामना पोराच्या नावावर राहू दे. कोण बघतंय!

जुन्या संघटनेने बघितलं. नोंदवही मागवून तिने फुटून गेलेल्यांचा हिशेब केला: बाकावरच्यांना माफी मिळाली, पण मैदानात उतरलेल्यांवर कायमची बंदी आली. तू रडत आलास, "दादा, मी तर बुटाची नाडीसुद्धा बांधली नव्हती!" मी म्हणालो, "कुणा गाढवाने चुकीचं लिहिलं असेल." तू त्या गाढवाला पोटभर शिव्या दिल्यास. मीही दिल्या.

खरं सांगितलं असतं, तर तू सुटला असतास. पण खोटी नोंद करणाऱ्याला पुन्हा कामावर कोण ठेवणार?

परवा तुझ्या मुलीने विचारलं, "मोठे काका, बाबा खरंच मॅच खेळलेत?"

मी म्हणालो, "हो गं, एक मिनिट."

तुझाच,
तो गाढव