मृणालच्या डब्याबद्दल, आणि राहिलेल्या मिळकतीबद्दल

मी, जितेंद्र हरिश्चंद्र शिवलकर, वय पंचेचाळीस, धंदा संगणक दुरुस्ती, राहणार जेसल पार्क, भाईंदर (पूर्व), जिल्हा ठाणे, माझ्या मागे काय कोणाकडे जावे हे येथे लिहून ठेवत आहे. यासाठी मला कोणी भीती घातलेली नाही, कोणी गळ घातलेली नाही. माझ्या डोक्यात डाव्या बाजूला गाठ आहे, पण माझे मन ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन ठिकाणावर असल्याचे ज्याचे त्यानेच लिहून द्यायचे हे मला फारसे पटलेले नाही, पण त्यावाचून चालत नाही असे वकील म्हणाले.

शस्त्रक्रिया पुढच्या सोमवारी आहे. जीव वाचला तरी बोलणे जाण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली आहे. उजवा हात आताच ऐकेनासा झाला आहे. म्हणून हा सगळा मजकूर मी डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप केला आहे. दुसऱ्या कोणी तो लिहून दिलेला नाही.

१. माझी माणसे. पत्नी संचिता. आई विमलाबाई. धाकटी बहीण मृणालिनी, जिला आम्ही मृणाल म्हणतो. आम्हाला मूल नाही. वडील वारले. मृणालला जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली. तिला सगळे कळते, पण हातपाय आणि जीभ तिच्या ताब्यात नाहीत. ती एका यंत्रातून बोलते. ते यंत्र मी बनवले आहे आणि त्याची दुरुस्ती मला एकट्यालाच येते. ते बंद पडले तर ती गप्प होईल. हे मृत्युपत्र करण्याचे खरे कारण तेवढेच आहे. बाकीची कलमे दोन ओळींत उरकली असती.

२. राहते घर, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटसह, संचिताला मिळावे. आई आणि मृणाल यांना त्यात हयातभर राहण्याचा हक्क राहील. हे कलम वाचून संचिता म्हणाली, "हे लिहायला लागतं?" लागत नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिले.

सोसायटीचे सेक्रेटरी श्री. आत्माराम यांनी मृणालच्या खुर्चीसाठी पायऱ्यांशेजारी उतार करू दिला नाही, कारण बिल्डिंगचा लुक जातो. त्यांना माझ्याकडून काही नाही. मात्र त्यांच्या घरचा कम्प्युटर दुरुस्त होऊन माझ्या दुकानात पडला आहे, तो पोहोचता करावा. त्यातले त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो मी वाचवले आहेत, हेही सांगावे. हे वाक्य चांगुलपणाने लिहिले की टोमणा म्हणून, याचा मी दोन दिवस विचार केला. दोन्ही असावे.

३. बँकेतली ठेव आणि विमा यांवर संचिताचे नाव आधीच आहे. दुकान भाड्याचे आहे, ते सोडून द्यावे. माझ्या रोजनिशा कपाटाच्या खालच्या खणात आहेत. त्या संचिताने वाचाव्यात की न वाचता जाळाव्यात हे मी ठरवू शकलो नाही, म्हणून तेही तिच्यावरच सोपवतो. मी तिच्यावर फार गोष्टी सोपवल्या आहेत.

४. आता त्या यंत्राची हकीकत. १९८४ साली सरकारने कम्प्युटरच्या सुट्या भागांची आयात सोपी केली. तेव्हा मी आणि महिपत शहा, दोघे बी. एस्सी. होऊन रिकामे होतो. आम्ही भाईंदर पूर्वेला एक गाळा घेतला आणि 'मेधा मायक्रो' या नावाने घरगुती कम्प्युटर बनवू लागलो. बनवू लागलो असे मी जाणूनबुजून लिहितो. सर्किट मी आखायचो, महिपत आणि त्याची बायको हंसाभाभी सुटे भाग बसवून सोल्डरचे डाग द्यायचे. पडदा म्हणून घरातलाच टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला गाण्यांची साधी कॅसेट. पेटी शेजारच्या स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात ठोकून मिळायची, त्यामुळे आमचा कम्प्युटर झाकण लावलेल्या मोठ्या जेवणाच्या डब्यासारखा दिसायचा. घरात त्याला अजून डबाच म्हणतात.

वडील तेव्हा विमा कचेरीत होते आणि युनियनचे खंदे कार्यकर्ते. कम्प्युटर आला की कारकून रस्त्यावर येणार, म्हणून निघालेल्या मोर्चातून ते छातीवर बिल्ला लावून घरी यायचे, आणि घरात मुलगा डाग देत बसलेला असायचा. आमचे बोलणे जवळजवळ बंद होते.

त्याच काळात मी मृणालसाठी एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर मुळाक्षरांवरून एक चौकोन सरकत जातो. प्रत्येक अक्षराला डब्यातून टिक् असा आवाज येतो. हवे ते अक्षर आले की तिने डाव्या गुडघ्याने दाराच्या घंटीचे बटण दाबायचे. चौकोनाचा वेग मी कित्येक आठवडे तिच्यासमोर बसून तिच्या गुडघ्याप्रमाणे बदलत गेलो. तिचे पहिले वाक्य होते, 'आमटी नेहमी खारट असते.' अठरा वर्षे तिने ती आमटी निमूट खाल्ली होती. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. वडील पुढेही मोर्चांना गेले, पण त्या दिवसापासून बिल्ला दाराबाहेर काढून खिशात ठेवून आत यायचे. तो बिल्ला माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो महिपतला द्यावा. कारण पुढे येईल.

५. आमचे डबे शाळांनी घेतले, एका दवाखान्याने घेतले. मग तैवानहून तयार बोर्ड यायला लागले आणि गिऱ्हाइके दारातूनच विचारू लागली, "कम्पॅटिबल आहे का?" आमचा नव्हता. आमच्या डब्यावर फक्त आमचेच प्रोग्राम चालत.

महिपत म्हणाला, "जितू, डबा तुझा एक नंबर आहे. पण लोकांना चांगली मशीन नको रे. शेजाऱ्याकडे आहे ती पाहिजे."

"मग काय करायचं?"

"जोडायचं. तैवानचा बोर्ड, इथला डबा, वर आपला स्टिकर."

"याला बनवणं नाही म्हणत."

"धंदा तर म्हणतात ना?"

त्याचे बरोबर होते. जगात सगळीकडे तेच झाले. आमच्यासारखे कितीतरी वेगवेगळे डबे बनवणारे लोक दोन-चार वर्षांत संपले आणि एकाच जातीचा कम्प्युटर उरला. मी तेव्हा भांडलो. मृणालला न्यूमोनिया होऊन मी इस्पितळात असताना महिपतने गाळा रिकामा केला, आणि सामानाबरोबर चिपमध्ये प्रोग्राम भरायचे आमचे यंत्रही भंगारात विकले. एकोणीस वर्षे मी त्याच्याशी धड बोललो नाही. तसे यंत्र आज लॅमिंग्टन रोडवर कोणत्याही दुकानात मिळते, म्हणजे राग आता यंत्रावरचा नाही. मग कशावरचा आहे हे मला नीट सांगता येत नाही. तो मी कोणाला वारसाने देत नाही.

६. (हे कलम आईसमोर मोठ्याने वाचू नये.) मृणालचा प्रोग्राम एका चिपमध्ये आहे. या जुन्या चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. आतले पुसायचे असेल तर त्या खिडकीवर विशिष्ट प्रकाश टाकतात, म्हणून एरवी तिच्यावर स्टिकर लावलेला असतो. उन्हातही तो प्रकाश असतो. त्याच प्रोग्रामच्या तीन जादा चिपा मी करून गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत ठेवल्या होत्या. मूळ कॅसेट ओल लागून कधीच चिकटली होती.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आईने सांडगे, पापड, कोकम उन्हात घातले, गाद्या घातल्या, आणि माझी डबीही उघडली. स्टिकरांना बुरशी आली होती. तिने ते खोबरेल लावून अलगद सोडवले, चिपा मऊ फडक्याने पुसल्या आणि सांडग्यांच्या शेजारी ताटात मांडून, वाळवण निघेपर्यंत रोज कडक ऊन दिले. मला डबी परत देताना म्हणाली, "तुझ्या गोमा पण वाळवल्या हो. किती दमट झाल्या होत्या." चिपेला पायांच्या दोन रांगा असतात म्हणून ती त्यांना गोमा म्हणते.

तिन्ही चिपा कोऱ्या झाल्या होत्या. मी म्हटले, "बरं केलंस." ती अजून मधूनमधून विचारते, "चांगल्या आहेत ना रे गोमा?" मी हो म्हणतो. माझ्यानंतर कोणीतरी हो म्हणत राहावे.

७. म्हणजे आता डब्यात बसवलेली एकच चिप उरली. तीही वीस वर्षांची आहे, आणि अशा चिपांमधले लिहिलेले आपोआपही पुसट होत जाते. तिची नक्कल करता येईल, पण त्यासाठी ती जागेवरून उपटावी लागेल. खाडीच्या खाऱ्या हवेने तिचे पाय गंजले आहेत. उपटताना पाय मुळाशी तुटले तर नक्कलही नाही आणि मूळही नाही. न उपटावी, तर एके दिवशी पडद्यावर कचरा येईल.

नव्या कम्प्युटरवर तोच प्रोग्राम लिहून का दिला नाही, असे कोणी विचारील. दिला. मृणाल पडद्याकडे फारसे पाहत नाही, तिचे डोळे स्थिर राहत नाहीत. ती टिक्‌टिक् ऐकून दाबते. विंडोज मध्येच स्वतःच्या कामाला जाते आणि टिक् उशिरा पडते. तिला 'पाणी' हवे असायचे आणि काहीतरी भलतेच उमटायचे. दोन दिवस प्रयत्न करून तिने डोळे मिटून घेतले. संवाद संपला असे सांगायची तिची ती पद्धत आहे. मी आणखी खटपट करणार होतो, तेवढ्यात हात गेला.

८. गेल्या रविवारी महिपत आणि हंसाभाभी आले. दारातच म्हणाला, "मला शेवटी सांगायचं काय रे? माझ्या बायकोला भाजीवाल्याकडून कळतं?" मृणालने त्याला पाहिले. टिक्‌टिक् सुरू झाली. सगळे थांबलो. पडद्यावर आले, 'महिपत जाडा झाला.'

हंसाभाभी म्हणाल्या, "बरोबर बोलते, मी रोज सांगते."

महिपत खूप हसला. मग टॉर्च घेऊन त्याने डब्यात पाहिले आणि हसायचा थांबला.

चिप उपटण्यात त्याच्यासारखा हात मी पाहिलेला नाही. हॅक्सॉचे पाते घासून केलेल्या पट्टीने तो दोन्ही टोके सारखी उचलतो, आधी केसभर इकडे, मग केसभर तिकडे. मी म्हटले, "तू काढ."

"एकोणीस वर्षं मला चोर म्हणतोस, आणि आता मी काढू?"

"भंगारवाला म्हणतो. चोर नाही."

"निघेल पण, तुटेल पण. गॅरंटी नाही देत मी." टॉर्च विझवून म्हणाला, "कधी काढायची?"

माझा बेत शस्त्रक्रियेच्या आधीचा होता. काही बिघडले तर निदान आज मला तोंडाने सांगता येते. मी ते सगळे त्याला पटवून दिले.

"ते ठीक. जिची आहे तिला विचारलंस?"

मी विचारले नव्हते. तिच्याचसमोर बसून तिच्या बोलण्याबद्दल आम्ही बोलत होतो. मी तिच्याकडे वळलो, सगळे समजावले, दोन्हीकडचे धोके सांगितले. तिने आधी विचारले, 'तुझ्या डोक्याची गॅरंटी आहे?' मी म्हटले, नाही. पुन्हा टिक्‌टिक् सुरू झाली. बराच वेळ चालली. पडद्यावर आले:

'आधी तुझं. नंतर मला विचारायचं आहे दुखलं का.'

मी पुन्हा समजावले. नंतर करणे धोक्याचे कसे, आधी केले तर काय सोयीचे, सगळे सांगितले. तिने ती ओळ तशीच ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

म्हणून माझा बेत मी येथे रद्द करतो. तिचेच म्हणणे चालेल. मी परत आलो, तर तिने मला विचारून झाल्यावर महिपतने चिप काढावी. मी परत आलो नाही, तर कधी काढायची हे तिने सांगावे आणि त्याने त्याप्रमाणे करावे. तुटली तर त्याला कोणी बोल लावू नये. माझी सगळी हत्यारे, सोल्डरिंगचे सामान आणि डब्याचे सुटे भाग महिपत शहा यांस मिळावेत. वडिलांचा बिल्लाही, कारण घराच्या दारात राग काढून ठेवता येतो हे मला त्यावरूनच माहीत होते, आणि तरी मी तसे केले नाही.

९. वकील म्हणतात, पुढचे कलम मृत्युपत्रात बसत नाही, कारण ते मी जिवंत असल्याच्या वेळचे आहे. कुठे बसते ते त्यांनाही माहीत नाही. मी परत आलो आणि मला बोलता येत नसले, तर दया येऊन मला डब्यासमोर बसवू नये. त्या चिपेवर आणखी एका माणसाचा भार नको. डबा मृणालचा आहे. तिने विचारले तर मी मान हलवून सांगेन.

१०. या सगळ्याची अंमलबजावणी संचिताने करावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

ठिकाण : भाईंदर (पूर्व)
तारीख : २२ ऑगस्ट २००६

लिहून ठेवणार :
जितेंद्र हरिश्चंद्र शिवलकर
(सही डाव्या हाताची आहे. बँकेतल्या सहीशी ती जुळणार नाही.)

वरील सही श्री. शिवलकर यांनी आम्हा दोघांसमोर केली आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. सहीपूर्वी त्यांनी मजकूर स्वतः मोठ्याने वाचला. कलम सहा वाचताना त्यांनी स्वयंपाकघराचे दार लावून घेण्यास सांगितले.

साक्षीदार :
१) डॉ. साहिल वसंत राऊत, भाईंदर (पूर्व)
२) सौ. मनोरमा गजानन पेडणेकर, शेजारी, जेसल पार्क