घरचा गूळ

अवसरी, ता. आंबेगाव
१२ जानेवारी १९९८

चि. हौशीरामास कुशाअक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला साखरेचा आजार निघाल्याचं सावळेरामकडून कळलं. सख्ख्या बहिणीला परक्याच्या तोंडून कळावं? समोर असतास तर कानशिलात दिली असती. डॉक्टर साखर बंद म्हणाले ना, मग बंद म्हणजे बंद! ती पांढरी साखर लई वाईट. आमच्या गुऱ्हाळाची ढेप पाठवते. घरचा गूळ, रक्त वाढवतो. आता त्यावरच राहा.

माया आहेच, ती वाढती ठेव.
तुझी अक्का

बोरी बुद्रुक, ता. जुन्नर
५ मे १९९८

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

चार महिने साखरेचा दाणा जिभेला लावला न्हाई. शेजारच्या बहिरूच्या लग्नात बुंदीलासुद्धा शिवलो न्हाई, पावणं रुसलं. तुझ्या गुळाचा चहा दिवसातून पाच वेळा, वर भाकरीसंगं खडा. साळुबाई म्हणते, बायकोचं कधी ऐकलं न्हाई, बहिणीचं बरं ऐकता! ढेप संपत आली, दुसरी धाड. नवी चप्पल चावलीय, अंगठ्याची जखम महिनाभर भरत न्हाई. किरकोळ आहे.

दाजींना नमस्कार. लोभ आटू देऊ नये.
तुझा हौशा

बोरी बुद्रुक
२८ जुलै १९९८

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

कळवू नको म्हणून तात्यांनी शपथ घातलीय, तरी लिहिते. जखम चिघळून पाय काळा पडला. परवा पुण्याच्या दवाखान्यात गुडघ्याखालून काढला. पथ्य पाळलं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तात्या ताठ मानेनं म्हणाले, सहा महिने साखरेला शिवलो नाही. मग गुळाचं निघालं. डॉक्टर म्हणाले, अहो, रक्ताला गूळ काय नि साखर काय, सारखंच. आत्या, मला तुमचा राग आलाय. माझाही आलाय, चहा मीच करत होते.

आशीर्वाद असू द्यावा.
तुमची भाची,
हर्षाली

अवसरी
९ ऑगस्ट १९९८

हौशा,

दोन्ही ढेपा माझ्या हातानं बांधल्या. मीच तुझा पाय तोडला रे. आता कोणत्या तोंडानं येऊ? भाऊबीजेला माझी वाट बघू नकोस.

अक्का

बोरी बुद्रुक
२ सप्टेंबर १९९८

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पाय माझा गेला आणि तोंड तू लपवतेस? लई रडलो, खोटं कशाला बोलू. रानाकडं बघितलं की जीव तुटतो. पण आता साखर, गूळ, काकवी कायमचं सुटलं. बिनगोडाचा चहा, भाकरी, मेथी, मूग. जिभेला सवय लागतेय. तुझ्याबिगर राहायची सवय मात्र मला लावू नकोस. तू नि दाजी रक्त तपासून घ्या.

मला येववत न्हाई, भाऊबीजेला तूच ये. ओवाळून झाल्यावर तोंडात भाकरीचा घास घाल. तू दिलेलं मी आजवर कधी नाकारलं न्हाई.

तुझाच,
हौशा