मोठ्या आकड्याचे सेल

शनिवार, संध्याकाळ. नवीन पनवेल.

जुन्या कॅमेऱ्यासाठी चार्जिंगचे सेल आणायला गेले होते. मी आपलं ताकदीचा सगळ्यात मोठा आकडा छापलेलं पाकीट उचललं. दुकानदार म्हणाला, "काकू, कॅमेरा रोज वापरता?" म्हटलं, कुठला रोज, सणासुदीला. "मग हे नका घेऊ. नुसते कपाटात पडून उतरतात. हे लहान आकड्याचे न्या, वर्षभर चार्ज धरतात."

मी तिथेच उभी राहिले. आईच्या पंचाहत्तरीला तीन फोटो निघाले आणि कॅमेरा बंद पडला. सेल माझ्या धाकट्या भावाने, विलासने आणलेले. मोठ्या आकड्याचेच. "ताई, गणपतीत फुल चार्ज करून ठेवले होते गं," तो म्हणत राहिला आणि मी सगळ्यांदेखत त्याला खोटारडा म्हटलं. पंचाहत्तरी होती माघात, म्हणजे सेल पाच महिने पडून. पुढच्या गणपतीला आई नव्हती.

म्हणजे तो खरंच बोलत होता? आणि तरी दर भाऊबीजेला उरणहून येतो, एकदाही तो विषय काढत नाही. कुठून आणतो एवढं मन?

त्या दुकानदाराचं भलं होवो. त्याला कळलंही नसेल आज त्याने काय दिलं ते.

घरी येताच विलासला फोन लावला. सगळं सांगितलं, चुकलं रे म्हटलं. तो म्हणाला, "ताई, ते तीन फोटो आहेत अजून?"

आहेत, म्हटलं. तिन्हींत आई तुझ्याकडेच बघून हसतेय. फोटो तूच काढत होतास ना.