उरलेला द्राक्षारस

२ नोव्हेंबर १९९८, दौंड
आलो एकदाचे! रेल्वे कॉलनीतलं दगडी चर्च आणि मागचं घर पाहून मोनिका इतकी खूश, की सामान सोडायच्या आधीच पडद्यांची मापं घेत बसली. मालगाडी गेली की कपबशा वाजतात, पण होईल सवय. चौतिसाव्या वर्षी पाळक म्हणून स्वतःची मंडळी मिळाली. आजच उपदेश दिला असता, पण ऐकायला बायको एकटीच, आणि तिनं कानांवर हात ठेवले.

६ नोव्हेंबर
शुक्रवारी आजाऱ्यांना घरी जाऊन प्रभुभोजन द्यायचं, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि आशीर्वादित द्राक्षारसाचा घोट. यादीत एकच नाव, अनसाबाई. गेटमनची विधवा, नव्वदीची, सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली. चर्चचे सेक्रेटरी ईश्वर म्हणाले, "बाईंकडं जायची घाई नगा करू, साहेब. आधीचे दोन्ही पाळक तरणेताठेच गेले." याचा त्याच्याशी काय संबंध? बाईंनी पेल्यातून एक घोट घेतला, उरलेलं नियमाप्रमाणे मी संपवलं. आशीर्वादित द्राक्षारस ओतून द्यायचा नसतो. याबाबतीत मी फार कडक आहे.

१३ नोव्हेंबर
अनसाबाई उठून बसल्या! म्हणाल्या, "साहेब, तुमच्या हातचं घेतलं की अंगात ताकद येती बगा." प्रार्थनेचं फळ, दुसरं काय! मला मात्र घराच्या चार पायऱ्या चढताना धाप लागली.

२० नोव्हेंबर
बाई भाकरी थापत होत्या. केस काळे होताहेत त्यांचे. माझे दोन दात हलताहेत. डॉक्टर म्हणतात, रक्त कमी आहे.

२८ नोव्हेंबर
काल पेला धरवेना म्हणून मोनिकाला सोबत नेलं. बाईंनंतरचा घोट मला गिळवेना. उरलेलं तिला मीच संपवायला सांगितलं.
आज सकाळी तिच्या भांगाशी पांढरी बट.
मला भीती वाटते. तिला सांगावं, तर आजपासून आवाजच गेलाय. लिहून द्यावं, तर पाळकानं असलं काही लिहायची लाज—

४ डिसेंबर
उठवत नाही. रविवारी पाहुणे पाळक आजाऱ्यांसाठी द्राक्षारस आशीर्वादित करून ठेवून गेले. अनसाबाई आज स्वतः चालत आल्यात. बाहेर हसताहेत— तरण्या पोरीसारख्या. त्या प्यायल्या की उरलेलं मोनिका— मीच शिकवलंय—
ही वही दाखवली तिला. डोळ्यांशी धरली. म्हणाली, अक्षरं दिसत नाहीत हो, हल्ली काय झालंय कोण जाणे.
हात जोडले. तिला वाटलं, प्रार्थना करतोय. आमेन म्हणून बाहेर गेली.
मोठ्या अक्षरांत लिहितो.
मोनिका, पिऊ न—